इनास मिस्त्री आणि अप्पांची दुनळी

इनास मिस्त्रींनी जन्मात एकदाही बंदूक चालवली नाही. पाखरावर नाही, डुकरावर नाही, हवेतसुद्धा नाही. दुरुस्त झालेली बंदूक तपासायची असली की ते तिच्या मालकालाच खाडीकडच्या मोकळ्या रानात घेऊन जायचे. काडतूस त्यालाच भरायला लावायचे आणि स्वतः डोळे घट्ट मिटून, कानांवर हात ठेवून उभे राहायचे. बार झाला की पुढे व्हायचे, नळी उघडून तिचा वास घ्यायचे आणि म्हणायचे, "झाली बरी. न्या आता घरला."

मी आगाशीच्या मुलींच्या शाळेत नोकरीला लागले तेव्हा स्वातंत्र्य मिळून वर्ष-सव्वा वर्ष झालं होतं. मी बावीस वर्षांची, साताऱ्याकडची, समुद्र कधी न पाहिलेली. राहायला मिळालेली खोली मिस्त्रींच्या कारखान्याला लागून होती. मधे एक कुडाची भिंत. पहिल्याच सकाळी पलीकडून घंटेचा नाद आला. एकदा, मग थोड्या वेळानं पुन्हा. मला वाटलं, शेजारी पूजा चालली आहे. बाहेर येऊन पाहिलं तर एक उंच, वाकलेला, साठीकडे झुकलेला माणूस, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस, तुळईला सुतळीनं टांगलेल्या बंदुकीच्या जोडनळीला बोटाच्या पेरानं टिचकी मारत होता आणि कान देऊन ऐकत होता.

"बाई, दोन नळ्यांचा जोड सुटलेला असला ना, तर ही बद्द बोलते," ते मला म्हणाले. ओळख ना पाळख, मी विचारलंही नव्हतं. "ही चांगली बोलते. हिला फक्त लाकडाचा आजार हाय."

मिस्त्री मूळचे वसईच्या पाचूबंदरचे, मच्छीमार किरिस्तांव घरातले. पण होडीत पाय ठेवला की त्यांना ओकाऱ्या व्हायच्या. बापानं चार-पाच वेळा समुद्रावर नेऊन पाहिलं आणि शेवटी कंटाळून मुंबईला एका बंदुकीच्या दुकानात कामाला लावून दिलं. तिथं गोऱ्या कारागिराच्या हाताखाली वीसेक वर्षं काढून ते परत आले. येताना हत्यारांच्या दोन पेट्या आणल्या. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. पाचूबंदरला समुद्राचा वारा लोखंडाला खातो म्हणून त्यांनी आगाशीत बिऱ्हाड केलं. आगाशीतही वारा समुद्राचाच, पण मधे नारळी-केळीच्या वाड्या आहेत, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्याकडे येणाऱ्या बंदुका बहुतेक जुन्या. कुणाच्या आजोबांनी घेतलेल्या, माळ्यावर पडून गंजलेल्या, लाकडी दस्ता वाळवीनं खाल्लेला. मुंबईहून बदकांच्या शिकारीला मिठागरांवर येणारे शेठ लोक असायचे, तसे भाताची राखण करणारे गोखिवऱ्याकडचे शेतकरीही असायचे. मिस्त्री दोघांच्या बंदुकीला सारखाच वेळ लावायचे, म्हणजे फार. नळी आणि तिची बैठक एकमेकींत बसवताना ते चिमणीच्या दिव्यावर काजळी धरायचे, ती बैठकीला लावायचे, बंदूक मिटायचे, उघडायचे आणि जिथे काजळी उमटली असेल तिथे कानशीचा एकच हात मारायचे. पुन्हा काजळी, पुन्हा मिटणं. असं सकाळपासून दुपारपर्यंत. कुणी घाई केली तर म्हणायचे, "लोखंडाला विचारा. ते हो म्हनालं तर मी आताच देतो."

त्यांचा एक नियम होता. बंदूक त्यांच्यापुढे उघडूनच आणायची, मधे मोडलेली, आतली दोन भोकं दिसतील अशी. एकदा मुंबईचे एक शेठ मोटारीतून उतरले आणि गंमत म्हणून त्यांनी समोरच्या कोंबडीवर नेम धरत धरतच आवारात पाय ठेवला. मिस्त्री उठले. एक शब्द न बोलता त्यांनी शेठजींच्या हातातून बंदूक काढून घेतली, उघडली, रिकामी आहे हे पाहिलं आणि परत त्यांच्या हातात दिली.

"आता रस्त्यापर्यंत जा, आनि पुन्हा या. मानसासारखे या."

शेठ लालबुंद झाले. पण गेले आणि उघडी बंदूक हातावर घेऊन परत आले. मिस्त्रींनी त्यांना पाट दिला, पाणी दिलं, आणि जणू आताच आल्यासारखं "या, या" म्हणाले.

माझं त्यांच्याकडे जाणं व्हायचं ते कागदांमुळे. कुणाची बंदूक दुरुस्तीला आली, कधी परत गेली, याची नोंद त्यांना पोलिसांना दाखवावी लागे. परवान्याचे अर्ज असायचे. मिस्त्रींना छापलेलं वाचता येई, लिहिता मात्र सहीपुरतंच. शाळा सुटल्यावर मी अर्धा तास बसून त्यांची वही लिहायची. ते सांगायचे आणि हात मात्र दस्त्यावर फिरत असायचा. अळशीचं तेल ते फडक्यानं कधी लावत नसत, तळहातानं लावायचे. हात गरम होईपर्यंत चोळायचे. त्यांच्या उजव्या तळव्याला कायमचा तपकिरी रंग चढला होता. रविवारी चर्चमध्ये मिस्सेला जाताना ते साबणानं पुन्हा पुन्हा धुवायचे, तरी तो जात नसे.

गोखिवऱ्याच्या धर्मा नावाच्या शेतकऱ्याची गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. तो आजाची दुनळी घेऊन आला होता. रात्रंदिवस डुकरं भात लोळवत होती. मिस्त्रींनी नळीवरचा गंज थोडा खरवडला आणि त्यांचा चेहरा बदलला. ती जुन्या पद्धतीची नळी होती. पूर्वी म्हणे लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, वेणीसारख्या गुंडाळून, ठोकून अशा नळ्या करायचे. त्या जुन्या काळ्या दारूसाठी होत्या. नव्या काडतुसांतली दारू फार जोराची, ती अशा नळीला सोसत नाही. कधी चार बार सोसते, कधी पहिल्यालाच फाटते.

मिस्त्रींनी लहान हातोडी घेतली. घोडा ज्यांच्यावर आपटतो आणि ज्या काडतुसाला टोचतात त्या दोन बारीक खिळ्या असतात. त्यांना ते बंदुकीचे दात म्हणायचे. त्यांनी धर्माच्या देखत ते दोन्ही दात ठोकून बाहेर काढले आणि त्याच्या हातावर ठेवले.

"ही आता काठी हाय. कोल्ह्याला दाखवायला ठेव."

धर्मा आधी ओरडला, मग चक्क रडायला लागला. "माझं भात गेलं ना, मिस्त्री! पोरं काय खातील?"

"भात पुढल्या वर्षी पन येते. हात येत नाय."

असल्या नळीचे दात काढायचेच. यात मिस्त्रींनी कुणाचा मुलाहिजा ठेवला नव्हता.

आता अप्पांचं सांगायला हवं. अप्पा आगाशीतले बागायतदार. केळी, पानवेली, थोडे नारळ. मिस्त्रींच्याच वयाचे, बुटके, बडबडे. संध्याकाळी वाडीतून परतताना ते केळीच्या पानात चार सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, बांधून आणायचे आणि मिस्त्रींच्या ओट्यावर बसून गावातल्या सगळ्या बातम्या सांगायचे. मिस्त्री काम थांबवत नसत, मधूनच "हं" म्हणत. दोघांचं अरे-तुरे होतं. अंधार पडला की मिस्त्री अप्पांना त्यांच्या घरापर्यंत सोडून यायचे. ज्या दिवशी अप्पा येत नसत त्या दिवशी मिस्त्री दिवेलागणीला दोनदा उठून रस्त्यापर्यंत जाऊन यायचे. विचारलं तर म्हणायचे, "पाय मोकळे करतो."

अप्पांकडे रोजच्या वापराची एक एकनळी होती, वटवाघळं उडवायला. पण एका पावसाळ्याच्या तोंडाशी गोठ्याचा माळा उतरवताना त्यांना जुन्या गोधडीत गुंडाळलेली दुनळी सापडली. आजोबांची. ते ती दोन्ही हातांवर घेऊन, अर्थात उघडी करून, मिस्त्रींकडे आले. गंजानं ती कुठं सुरू होते आणि कुठं संपते हे कळत नव्हतं. दस्ता उभा चिरलेला.

मिस्त्रींनी त्या पावसाळ्यात दुसरं काम जवळजवळ घेतलं नाही. दिवसाला बोटभर याप्रमाणे त्यांनी गंज उतरवला. दस्त्याच्या चिरेत त्यांनी अक्रोडाचा तुकडा बसवला, तो शोधायला ते स्वतः मुंबईला दोनदा गेले. मग एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. "बाई, बोट फिरवा. जोड सापडला तर सांगा." मी डोळे मिटून तीनदा बोट फिरवलं. सापडला नाही. ते लहान मुलासारखे हसले.

नळ्यांवर सौम्य तेजाबाचं पाणी फिरवल्यावर त्या पिळलेल्या पट्ट्यांची नक्षी वर आली. ओहोटीनंतर ओल्या रेतीवर लाटांच्या रेघा राहतात तशी. टोकापासून टोकापर्यंत, एकही रेघ दुसरीवर गेलेली नाही. मिस्त्री कधी कुणाला काम दाखवायला बोलवत नसत. त्या दिवशी त्यांनी आळी गोळा केली. शेजारचा न्हावी आला, पोस्टातले मास्तर आले, माझ्या शाळेतल्या मुलीही येऊन गेल्या.

राहिले होते दात काढायचे.

अप्पा न्यायला आले तेव्हा मी वही लिहीत बसले होते. मिस्त्रींनी हातोडी घेतली, खिळीवर पोलादी टोचा धरला आणि तसेच बसून राहिले. बराच वेळ.

"अप्पा, सगळं गंजलं होतं रे हिचं. हे दोन दात तेवढे जसेच्या तसे राहिले. ज्यानं केले त्याच्या हाताचे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मोडून टाकू काय, बाई?"

हे मला आजवर कुणाला सांगवलं नाही. मी म्हणाले, "राहू द्या हो मिस्त्री. किती सुंदर झाली आहे. अप्पा काय तिनं शिकार करणार आहेत?"

अप्पा हसले. "भिंतीवर टांगनार. काडतूस दाखवनार सुद्धा नाय. तुझ्या गळ्याची शपथ, इनास."

मिस्त्रींनी हातोडी खाली ठेवली.

त्यानंतर पाच-सहा महिने झाले असतील. थंडी होती. अप्पांच्या एकनळीची स्प्रिंग तुटली म्हणून ती मिस्त्रींकडे आली. स्प्रिंग दोन दिवसांत बसली. अप्पा न्यायला आले तर मिस्त्री म्हणाले, "परवा ने. दस्ता कोरडा पडलाय. आनखी दोन हात तेलाचे देतो."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी अप्पांच्या अंगणात पिसाळलेलं कुत्रं शिरलं. अंगणात केळी वाळत घातलेली, माश्या वारायला त्यांच्या दोन नाती बसलेल्या. एक पाच वर्षांची, एक तीन. अप्पांच्या बायकोनं, जानकीकाकूंनी, स्वयंपाकघरातून ओरडा केला. अप्पा धावत ओटीवर आले. भिंतीवर दुनळी होती. एकनळीची काडतुसं कोनाड्यात होती, तीच हिलाही बसत होती.

एकच बार झाला. कुत्रं जागच्या जागी पडलं. मुलींना ओरखडाही नाही. नळी मात्र अप्पांच्या डाव्या हाताच्या मुठीतच फाटली होती.

बार मी शाळेत ऐकला. मिस्त्रींनीही ऐकला असणार. लोक सांगत की हातातली कानस टाकून ते अनवाणी धावले. बार अप्पांच्या घराकडून आला होता, आणि अप्पांची एकनळी तर त्या वेळी त्यांच्याच खोलीत, तेल पीत, भिंतीला उभी होती.

अप्पांना आधी वसईला आणि मग मुंबईच्या इस्पितळात नेलं. हात मनगटापासून काढला. तरी विष अंगात भिनलं. मी एकदा भेटायला गेले तेव्हा मिस्त्री खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसले होते. नर्स त्यांना उठवी, ते बाहेर जात, आणि ती वळली की परत येऊन बसत. अप्पांचा आवाज खोल गेला होता.

"इनास, शपथ मी मोडली. तू कशाला तोंड पाडून बसतोस?"

मिस्त्रींनी त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

"पोरी वाचल्या ना?"

"वाचल्या."

"मग झालं. नेम बघ माझा. एका बारात." अप्पा हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही.

नवव्या दिवशी ते गेले.

फौजदार पंचनाम्याला आले तेव्हा त्यांनी जवळजवळ लिहून टाकलं होतं की जुनी बंदूक, अपघात. मिस्त्री आपणहून पुढं झाले. "साहेब, असं लिहा. हिचे दात काढायला पायजे होते. मला ठाऊक होतं. मी नाय काढले." फौजदार म्हणाले की याला कायद्यात कलम नाही. मिस्त्रींनी पुन्हा तेच सांगितलं. तीन वेळा सांगितलं. शेवटी फौजदारांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बाजूला केलं. मी तिथंच उभी होते. मलाही एक वाक्य सांगायचं होतं. मी ते सांगितलं नाही.

कारखाना बंद झाला. ज्यांच्या बंदुका होत्या त्यांना मिस्त्रींनी माझ्याकडून पत्रं लिहवून घेतली, "जशी असेल तशी घेऊन जावी." कुणी नुसत्या नळ्या नेल्या, कुणी वेगळा दस्ता नेला. ते मुंबईचे शेठही आले, रस्त्यापासूनच उघडी बंदूक हातावर घेऊन, आणि पुष्कळ विनवून गेले. मिस्त्री मान हलवत राहिले. हत्यारांच्या दोन्ही पेट्या त्यांनी पाचूबंदरला होड्या बांधणाऱ्या सुताराला देऊन टाकल्या.

मग एके दिवशी गोखिवऱ्याचा धर्मा आला. त्याला सगळं कळलं होतं. डोक्यावर नव्या तांदळाची पिशवी. ती त्यानं ओट्यावर ठेवली आणि तो वाकून मिस्त्रींच्या पायांना हात लावायला लागला.

"मिस्त्री, मी तुम्हाला त्या दिवशी शिव्या दिल्या. तुम्ही दात काढले म्हनून हे माझे दोन हात हायेत. माझ्या वेळेला तुमचा हात कसा चालला?"

मिस्त्रींनी पाय मागे घेतले.

"तुझी बंदूक सुंदर नव्हती," ते म्हणाले.

धर्माला ते कळलं नाही. तो कसनुसा हसला. मिस्त्री आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. कुडाची भिंत पातळ असते. शेजारून किती तरी वेळ माणसाच्या रडण्याचा आवाज येत होता. बायकांचं रडणं मी पुष्कळ ऐकलं होतं. म्हाताऱ्या पुरुषाचं असं रडणं ऐकलं नव्हतं, पुन्हा ऐकायचीही इच्छा नाही.

अप्पांचा एकुलता मुलगा, त्या नातींचा बाप, मुंबईला नोकरीत होता, तो काही परत येणारा नव्हता. वाडीला पाणी कोण देणार हा प्रश्न होता. एका पहाटे जानकीकाकूंनी दार उघडलं तर रहाट चालू होता. मिस्त्री रहाटाला जुंपलेल्या हल्याच्या, अप्पांच्या रेड्याच्या, मागे चालत होते. त्यांना त्यातलं काही येत नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी सगळं पाणी एकाच वाफ्यात सोडलं. दोन पानवेली कुजल्या. पण ते दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले. महिन्याभरात शिकले. केळीला टेके दिले, घड उतरवले, बाजारात नेऊन घातले.

काकू त्यांच्याशी बोलल्या नाहीत. एक शब्द नाही. मिस्त्रींनीही कधी अंगण ओलांडलं नाही. विहिरीवरच पाणी प्यायचे, घरून आणलेली भाकरी तिथंच बांधावर खायचे. आळीत लोक म्हणायचे, बाईचं काळीज दगडाचं आहे. कुणी म्हणायचं, बरोबर आहे तिचं. असं दीड वर्ष चाललं.

माझी साताऱ्याला बदली झाली तेव्हा मी काकूंचा निरोप घ्यायला गेले. सकाळचे दहा वाजले असतील. धाकटी नात शेजारी खेळत होती, मोठी शाळेत गेली होती. ती आता माझ्याच वर्गात होती. काकूंनी चहा केला. बाहेर रहाट कुरकुरत होता. मी धीर केला आणि विचारलं, "काकू, एकदा तरी बोला ना त्यांच्याशी. फार खचलेत हो."

काकूंनी बशी खाली ठेवली.

"माझा राग नाय त्याच्यावर," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना वाटतं, राग हाय. बाई, हे दोघं कायम संगतीनं यायचे घराला. हा पुढं, हे मागं. आता हा आवाराच्या फाटकातून आत येतो, आनि मला वाटतं, मागनं हे येतील. रोज वाटतं. दीड वर्ष झालं, रोज. मग फाटक बंद होतं." त्यांनी पदर तोंडाला लावला. "त्याच्या तोंडाकडं बघवत नाय मला. आनि येऊ नको म्हनायचं पन होत नाय. तो आला नाय, तर तेवढं वाटायचं पन बंद होईल."

मला माझं ते वाक्य त्यांना सांगायचं होतं. ते सांगायलाच मी खरं तर गेले होते. चहा संपला. मी उठले.

मिस्त्रींना मी विहिरीपाशीच गाठलं. पाया पडायला वाकले तर त्यांनी दोन्ही हात पुढं करून थांबवलं. तळव्याचा तपकिरी रंग पार गेला होता. तिथं आता कासऱ्याचे घट्टे होते.

"साताऱ्याला पानी कसं हाय, बाई?"

"गोड आहे."

"बरं झालं," ते म्हणाले आणि हल्याला हाक मारून पुन्हा चालू लागले.

फाटकाशी येऊन मी मागे पाहिलं. मिस्त्री रहाटाभोवती फिरत होते. फेरा घराकडे वळला की मान खाली घालत होते. दार अर्धवट उघडं होतं आणि दाराआड काकू उभ्या होत्या. मिस्त्रींचं तोंड घराकडे झालं की त्या आत होत. ते पाठमोरे झाले की पुन्हा पुढे येत आणि पाठमोरं चालणाऱ्या त्या माणसाकडे, फेरा पुन्हा वळेपर्यंत, डोळे भरून बघत राहत.